मागं नेलेला कॉम्प्युटर

श्रावणातल्या एका सकाळी मोनालीनं कानाचं मशीन लावलं आणि त्याचा हिरवा दिवा लागला नाही. तिनं सेल बदलले, वायर काढून परत घातली, सेलच्या जागेत फुंकर मारली. दिवा लागेना. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई काहीतरी विचारत होती. ओठांवरून कळलं, डब्यात पोळी देऊ की पराठा. मोनाली म्हणाली, "पराठा." आई दचकली. तिचा चेहरा बघून मोनालीच्या लक्षात आलं, की आपण ओरडलो.

मोनाली एकवीस वर्षांची. बुऱ्हाणपुरात लालबागेत, स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वडील श्रीकांत कापडाच्या दुकानात, आई उषा प्राथमिक शाळेत शिक्षिका. मोनालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती तीन वर्षांची असताना एका ट्रस्टच्या मदतीनं इंदूरला ऑपरेशन झालं. कानाच्या आत शंखासारखा वळणावळणाचा भाग असतो, त्यात डॉक्टरांनी केसासारखी बारीक तार सरकवली. त्या तारेवर ओळीनं टिपक्यांएवढी टोकं आहेत. एका टोकाला करंट मिळाला की एक सूर ऐकू येतो, शेजारच्याला मिळाला की त्याहून जरा वेगळा. ही तार कायमची आत. बाहेर कानामागं लावायचं मशीन आणि त्याच्या वायरीला एक गोल बटण, ते चुंबकानं डोक्याला चिकटतं. मशीन आवाज पकडतं, बटण तो आत पोचवतं. मशीन बंद म्हणजे मोनाली पूर्ण बहिरी. मधलं काही नाही.

त्याच दुपारी उषा तिला घेऊन शनवारा भागातल्या शीतलच्या क्लिनिकमध्ये गेली. शीतल ऑडिओलॉजिस्ट. म्हाताऱ्या माणसांना कानाची यंत्रं बसवून देणं हे तिचं रोजचं काम, पण मोनालीचं मशीनही गेली काही वर्षं तीच जुळवून देत होती. मोनाली तिला दीदी म्हणायची.

शीतलनं मशीन उघडून बघितलं, आत ओल गेली होती. तिनं कंपनीला फोन लावला, बराच वेळ बोलली, आणि मग मोनालीला कळावं म्हणून तोंड तिच्याकडं करून सावकाश म्हणाली, "हे मॉडेल बंद झालंय. दुरुस्ती नाही. नवीन घ्या म्हणतात."

नवीन मशीन त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग सुरू झाली ती शांतता. मोनालीला ती अगदीच अनोळखी नव्हती. रोज झोपताना ती मशीन काढूनच ठेवायची. पण दिवसाउजेडी, माणसांत, शांततेत वावरणं वेगळं होतं. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात ती काम करायची. तिथं गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून बोलायची आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. हिंदी, मराठी, मधूनच खानदेशी. ओठ सगळ्यांचेच भरभर चालायचे. ती कागद पुढं करायची, लिहा म्हणायची.

घरी मात्र तिला एक नवीच गोष्ट सापडली. पंजाब मेल येते ती फरशीतून आधी येते. पायाला कळतं, मग भिंतीला हात लावला तर भिंतीत कळतं, आणि मग मांडणीतली पातेली थरथरताना दिसतात. मालगाडी जड आणि लांबलचक, ती पोटात कळते. मोनाली भिंतीला हात लावून उभी राहायची. एवढी मोठी गाडी, एवढं लोखंड, आणि त्यातलं तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंसं थरथरणं. तिला वाटायचं, लोकांना याच गाडीचं आणखी किती काय काय कळत असेल.

उषानं तोवर स्वस्थ बसणं सोडलं होतं. अशी मशीनं वापरणाऱ्या मुलांच्या आईबापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर तिनं मशीनचा फोटो टाकला. आठवडाभरानं धुळ्याहून दिगंबर कडू नावाच्या गृहस्थांचा निरोप आला. त्यांच्या मुलीला नवीन मशीन मिळालं होतं, जुनं घरात पडून होतं, तेच मॉडेल. "पाठवून देतो. कपाटात ठेवून काय करू?" एवढंच त्यांनी लिहिलं. कुरियर आलं त्या दिवशी मोनालीनं खोक्यातून मशीन काढलं, सेल घातले, आणि हिरवा दिवा लागला. ती ते कानामागं लावणार, तेवढ्यात उषानं तिचा हात धरला.

"शीतलमॅडमनी काय सांगितलंय? तसंच लावायचं नाही."

कारण मशीनमध्ये त्या धुळ्याच्या मुलीचा कान भरलेला होता. कुठल्या टोकाला किती करंट द्यायचा हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते मशीनमध्ये साठवलेलं असतं. शीतल त्याला नकाशा म्हणायची. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या डोक्यात सोडला, तर ऐकू येणार नाही किंवा नको इतकं ऐकू येईल, दुखेलसुद्धा. जुना नकाशा पुसून मोनालीसाठी नवा काढायला हवा होता, आणि ते काम फक्त शीतलच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून, एका छोट्या खोक्यामार्फत होत असे. खोक्याची एक वायर कॉम्प्युटरला, एक कानाच्या मशीनला.

आणि ते खोकं आता कॉम्प्युटरला ओळखू येईना.

उन्हाळ्यात शीतलनं कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकून घेतली होती. नव्या श्रवणयंत्रांचं सॉफ्टवेअर जुन्यावर चालत नव्हतं, दुसरा इलाज नव्हता. मोनालीच्या मशीनला वर्षातून एकदाच खोकं लागायचं, तेव्हा ते कुणी जोडून बघितलंच नव्हतं. आता सॉफ्टवेअर कसंबसं उघडायचं, पण खोक्याच्या जागी नुसता पिवळा त्रिकोण. शीतलनं पुन्हा फोन लावला. तिकडून उत्तर आलं, कॉम्प्युटरला या खोक्याची ओळख पटवून देणारं ड्रायव्हर कंपनीनं नव्या विंडोजसाठी कधी बनवलंच नाही.

"म्हणजे मशीन आहे, कान आहे, मधला रस्ता बंद आहे," शीतल उषाला म्हणाली. "काय करावं, काकू, मलाच समजून नाही राह्यलं."

मोनाली पडद्याकडं बघत होती. तिनं माउस हातात घेतला, दोनचार खिडक्या उघडल्या, वाचलं, बंद केल्या. ती बीसीए झालेली होती आणि दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं दुखणंखुपणं तीच बघायची. तिनं फोनवर टाइप केलं आणि शीतलपुढं धरलं: 'दीदी, हा कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात काय होतं?'

"विंडोज सेव्हन," शीतल म्हणाली.

मोनालीनं खाली वाकून कॅबिनेटच्या बाजूला बघितलं. जुन्या विंडोजच्या परवान्याचं स्टिकर होतं, धुळीनं माखलेलं, पण अक्षरं शाबूत. ती उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "कॉम्प्युटरच मागं नेऊ."

शीतलनं तळहात खाली करून दाखवला; हळू बोल. मग स्वतःच हसली आणि विचारात पडली. नव्या यंत्रांचं सॉफ्टवेअर ती आपल्या लॅपटॉपवर घेऊ शकत होती. या डेस्कटॉपचा जीव आता तसाही त्या खोक्यापुरताच होता.

"करशील तू?" तिनं विचारलं.

"करते ना."

"नाही झालं तर?"

मोनालीला ओठ दिसले होते, पण तिनं न समजल्यासारखं केलं.

रविवारी क्लिनिक बंद असतं. सकाळीच दोघी मायलेकी आल्या. शीतलनं आधीच सगळ्या रुग्णांची माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवली होती. मोनालीनं ती पुन्हा एकदा उघडून तपासली, तीनचार नोंदी वाचून बघितल्या, मगच डिस्क काढून उषाच्या हातात दिली. उषानं ती पर्समध्ये ठेवली आणि पर्स मांडीवर धरून बसली. जुन्या डीव्हीडी शीतलनं एका चपलेच्या खोक्यातून काढल्या. एकीवर विंडोज, एकीवर त्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर.

मोनालीनं कॅबिनेट उघडलं. आतली धूळ ब्रशनं झटकली, पंख्यात अडकलेला कापसाचा पुंजका काढला. बुऱ्हाणपुरात कापडाचे लूम इतके आहेत, की कापूस कुठंही सापडतो. झाकण न लावताच तिनं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. पडदा काळाच राहिला.

ती थांबली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काळं.

शीतल मात्र खुर्चीतून पुढं झुकली. मोनालीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं कॅबिनेटकडं बोट दाखवलं, मग आपल्या कानाकडं.

"आवाज येतोय?" मोनालीनं विचारलं.

शीतलनं मान हलवली.

"कसा? लांब की छोटा?"

शीतलला आधी सांगता येईना. मग तिनं मोनालीच्या दंडावर एक बोट टेकवलं आणि दाबून धरलं. उचललं. थोडं थांबून पुन्हा टेकवलं, दाबून धरलं. उचललं. कॉम्प्युटरच्या आत जे वाजत होतं, ते ती तसंच्या तसं मोनालीच्या दंडावर वाजवत होती. वर्षानुवर्षं लोकांच्या कानांचं काम केलेली बाई डोळे मिटून ऐकत होती, आणि तिच्या बोटातून मोनालीला ऐकू येत होतं.

"लांब, थांबून, परत लांब," मोनाली म्हणाली. "रॅम. पट्टी नीट टेकलेली नाही."

तिनं कॉम्प्युटर बंद केला, रॅमची पट्टी काढली आणि उषाकडं हात पसरला. "मम्मी, खोडरबर."

शिक्षिकेच्या पर्समध्ये खोडरबर असतोच. मोनालीनं पट्टीची सोनेरी कडा घासून पुसली, पट्टी परत खाचेत दाबली, बटण दाबलं. शीतलनं दंडावर बोट टेकवलं; एकदाच, टिचकीसारखं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

पुढचं सगळं सरळ गेलं असं नाही. डीव्हीडी सुरू झाली, भाषा विचारणारी निळी खिडकी आली आणि कीबोर्ड-माउस दोन्ही मेले. मोनालीनं मागं वाकून बघितलं. दोन्ही वायरी निळ्या खाचांत होत्या, आणि जुन्या विंडोजला त्या खाचा ठाऊकच नसतात. तिनं वायरी काढून काळ्या खाचांत घातल्या. माउस हलला. मग डिस्कच्या पानावर कॉम्प्युटर अडून बसला: या डिस्कची मांडणी नव्या पद्धतीची आहे, तीवर मला बसता येत नाही. म्हणजे डिस्क पूर्ण पुसायला हवी होती. वरवर नाही, मुळापासून.

मोनालीनं शीतलकडं बघितलं. "सगळं जाईल."

"जाऊ दे," शीतल म्हणाली.

"परत नाही येणार, दीदी."

"माहितीये."

उषानं पर्स जवळ ओढली. मोनालीनं बटण दाबलं, आणि डिस्कवर जे काही होतं, ते सगळं एका क्षणात गेलं. पडद्यावर त्याचा काही गाजावाजा झाला नाही. जिथं नावं आणि आकडे होते, तिथं एक ओळ उरली: रिकामी जागा.

त्यानंतर वाट बघणं. शीतलनं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. पट्टी सरकत होती, कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन सुरू होत होता. दुपार कलल्यावर पडद्यावर चार रंगांचे ठिपके फिरत फिरत जवळ आले आणि त्यांची चमकणारी खिडकी झाली. शीतलच्या चेहऱ्यावरून मोनालीला कळलं, की काहीतरी वाजलं असणार. तिनं विचारलं नाही. तिनं दुसरी डीव्हीडी घातली, ड्रायव्हर टाकलं आणि खोक्याची वायर जोडली.

खोक्यावर एक दिवा असतो. तो नारिंगी लागला. तिघी त्याच्याकडं बघत राहिल्या. नारिंगी, नारिंगी, आणि मग कुणीतरी आतून विचार पक्का करावा तसा तो हिरवा झाला.

उषानं डोळ्यांना ओढणी लावली. शीतलनं खुर्ची पुढं ओढली, आणि आता तिचं काम सुरू झालं.

धुळ्याच्या मुलीचा नकाशा पुसला गेला. मोनालीचा जुना नकाशा उन्हाळ्यात नवी विंडोज टाकतानाच गेला होता, म्हणून पडद्यावर नुसती रिकामी चौकट होती आणि तिच्या तळाशी टोकांचे आकडे. मोनालीनं बटण डोक्याला लावलं. ते खट्‌कन चिकटलं. ऐकू आलं की बोट वर करायचं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

शीतलनं पहिल्या टोकाला अगदी थोडा करंट दिला. काही नाही. आणखी थोडा. काही नाही. मोनालीनं डोळे मिटले होते. आत नुसता अंधार होता. आणि मग त्या अंधारात, कुठं ते सांगता येणार नाही, पण तिच्याच आत, फार खोलवर, कुणीतरी रिकाम्या पिंपावर बोटानं वाजवावं तसं काहीतरी झालं. टुंग, टुंग, टुंग.

तिचं बोट वर गेलं. डोळे उघडले नाहीत. एवढे दिवस ती शांततेत होती आणि तिला वाटलं होतं, की शांतता ही एक भिंत आहे, आवाज तिच्यापलीकडं आहे. तसं नव्हतं. आवाज तिथंच होता, ती तार आत तशीच वाट बघत पडलेली होती, कुणी फक्त हाक मारायचं राहिलं होतं.

एकेक टोक करत शीतल पुढं गेली. पिंपाचा सूर हळूहळू चढत तांब्याचा झाला, वाटीचा झाला, मग पेल्याचा. पडद्यावर एकेक उभी पट्टी उगवत गेली आणि सगळ्यांची मिळून एक टेकडी दिसायला लागली. शेवटची दोन टोकं उरली, तेव्हा शीतल थांबली. तिनं फोनवर लिहून मोनालीपुढं धरलं: 'ही दोन आजवर बंद होती. इंदूरला लहानपणी चालू केली, तर तुझा डोळा फडफडायचा, तू रडायचीस. म्हणून तेव्हापासून बंदच ठेवलीत. तू मोठी झालीस. हळूच बघायची का?'

मोनालीनं वाचलं. ही गोष्ट तिला कुणी कधी सांगितली नव्हती. उषालाही पुसट आठवत होती, फडफडणारा डोळा मात्र पक्का.

"राहू दे, मॅडम," उषा म्हणाली. "चाललंय ना तसं. उगाच काही व्हायला नको."

"बघू," मोनाली म्हणाली.

शीतलनं करंटची रीत बदलली, जास्त सौम्य केली, आणि एक नजर मोनालीच्या पापणीवर ठेवून सुरुवात केली. पापणी हलली नाही. आणखी थोडा. आणखी थोडा. मोनालीचं बोट वर गेलं, पण अर्धवट, जणू तिची खात्री नव्हती. कपाळाला आठी पडली.

"दुखतंय?" शीतलनं खुणेनं विचारलं.

"नाही. हे... बारीक आहे. फार बारीक. सुईसारखं." ती थांबली. "इतकं वरचं काही असतं?"

शेवटचं टोक त्याहूनही वरचं होतं.

मग शीतलनं सगळी टोकं एकदम चालू केली आणि मशीन खऱ्या आवाजांसाठी मोकळं सोडलं. खोली मोनालीवर कोसळली. पंखा, रस्ता, कुणाचा तरी हॉर्न, खुर्चीची करकर, सगळं एकदम आणि सगळं पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. शीतल थांबली. तिला हे माहीत होतं. थोड्या वेळानं पंखा पंख्याच्या जागी गेला, रस्ता खिडकीबाहेर गेला.

शीतलनं कागदानं तोंड झाकलं, ओठ दिसू नयेत म्हणून. "मोनाली. मी शीतल बोलतेय."

शीतलनं तेच पुन्हा म्हटलं.

"ऐकू येतं," मोनाली म्हणाली. तिचा आवाज आता आपोआप खाली आला होता. "पण दीदी, तुमच्या नावात काहीतरी सांडतं."

"काय सांडतं?"

"सुरुवातीला. तांदूळ सुपात ओततात तसं. मग 'ईतल' येतं."

शीतलनं कागद खाली केला. तिनं आणि उषानं एकमेकींकडं बघितलं. आधी उषाच्या लक्षात आलं.

मोनाली साडेतीन वर्षांची असताना उषानं तिला 'श' शिकवला होता. लेकीला तो ऐकू येत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. कितीदा म्हटलं तरी मुलीच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. म्हणून तिनं मोनालीचा तळवा आपल्या तोंडापुढं धरला आणि 'श' म्हटलं. तळव्यावर वारा आला. मग मोनालीनं आपल्याच तळव्यावर तसा वारा आणायचा. शेकडो वेळा. शाळा, शेव, शंकर, आकाश. मोनाली 'श' स्वच्छ म्हणायची, शाळेत कुणाला शंका यायची नाही. पण तिच्यासाठी तो आवाज नव्हताच कधी. तो हाताला लागणारा वारा होता.

"बेटा," उषा म्हणाली. तिनं स्वतःचं तोंड ओढणीनं झाकलं. "माझं नाव सांगते. ऐक. उषा."

मोनालीनं मान वळवली.

"परत."

"उषा."

"परत म्हण, मम्मी."

उषा म्हणत राहिली. मोनालीनं हात उचलला, सवयीनं आईच्या तोंडापुढं धरला, ओढणीमागून वारा लागेना, तरी आवाज येतच होता. तिनं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला. मग ती स्वतः म्हणाली, हळूच, पहिल्यांदाच ऐकत ऐकत, "उषा," आणि आपल्याच तोंडातून ते सांडताना ऐकून तिच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं ती हे करत होती. आपण हे करतो, हे तिला माहीतच नव्हतं.

शीतल खिडकीकडं जाऊन उभी राहिली. किती माणसांना तिनं यंत्रं बसवली असतील, त्याची तिला मोजदाद नव्हती, पण त्या वेळी ती बाहेरच बघत राहिली. मागं टेबलावर तो जुना कॉम्प्युटर घरघरत होता.

पुढचे काही दिवस मोनालीला सगळी माणसं पत्र्याची वाटली. मग आवाज मऊ होत गेले, वडील वडिलांसारखे वाटायला लागले, दुकानातली गिऱ्हाइकं आपापल्या बोलीत परत गेली. शीतलनं कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून टाकली आणि कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली, 'अपडेट करू नये'. त्या ग्रुपवर उषानं झालेलं सगळं लिहिल्यावर खंडव्याहून एक कुटुंब येऊन गेलं, मग अकोल्याहून एक. त्यांची मशीनंही तीच, बंद झालेल्या मॉडेलची. रविवारी मोनाली शीतलच्या मदतीला जाऊ लागली.

पोळा झाल्यावर ती मामाकडं गेली. उषाचा भाऊ शालिग्राम इच्छापूरच्या अलीकडं राहतो, घरामागं त्याची केळीची बाग आहे. लहानपणापासून मोनाली तिथं शंभरदा गेली असेल. सकाळी मामा बाग बघायला निघाला तशी तीही मागोमाग गेली. झाडं डोक्याच्या वर गेलेली, दोन ओळींतून वाट, पायाखाली ओल. ती चालता चालता थांबली.

"मामा, मोटर चालू आहे?"

"नाही. लाइट कुठं आहे सकाळपासून."

"मग पाणी कुठं पडतंय?"

शालिग्रामनं इकडं तिकडं बघितलं. "पाणी नाही पडत कुठं."

"हे काय मग? हे सगळीकडून येतंय."

तो ऐकायला लागला. त्याला काहीच ऐकू येईना. म्हणजे बागेत रोज जे असतं त्याहून वेगळं काही. मग त्यानं वर बघितलं.

"पानं आहेत, बेटा. वारा आहे ना."

मोनालीनंही वर बघितलं. हिरवी, रुंद, वाऱ्यानं फाटून झिरमिळ्या झालेली पानं एकमेकांवर घासत होती. इतकी वर्षं तिनं ती हलताना बघितली होती. मुकाट्यानं हलायची. पानं मुकी असतात हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"आवाज करतात?" ती म्हणाली.

"करतात ना."

"रोज?"

"वारा असला की रोज."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आम्हाला वाटलं, तुला येतंच ऐकू," तो म्हणाला. "मशीन लावतेस ना तू."

ती पुढं चालत गेली, दोन ओळी ओलांडून, जिथं झाडं कोवळी होती आणि पानं अजून अखंड होती. तिथं उभी राहिली. परत आली. पुन्हा गेली. मामा तिच्याकडं बघत होता.

"इथं वेगळं आहे," तिकडून ती म्हणाली. "फाटलेली पानं वेगळी वाजतात. ती सांडतात. ही नुसती थापटतात. हो ना, मामा?"

"मला नाही माहीत," शालिग्राम तिच्याकडं चालत येत म्हणाला. बागेत त्याचा जन्म गेला होता. "मी असं ऐकलंच नाही कधी."

तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. वारा पडला तशी बाग थांबली. दोघंही वाट बघत राहिले. मग तापीच्या अंगानं वारा पुन्हा आला, आधी दूरच्या ओळींत, मग जवळच्या, आणि शालिग्रामनं डोक्यावरचा रुमाल कानांवरून मागं सारला.